तिसावा किलोमीटर

प्रभादेवीला, बंद पिठाच्या गिरणीसमोर आमचं टेबल.
स्पंजची निळी बादली, दोनशे बाटल्या,
पाणी खात्यातली आम्ही चौघं,
रविवारच्या बदली रजेवर खूश.

आघाडीच्या बायका आल्या. चौघीच होत्या.
फक्त बुटांचा आवाज,
ओल्या कपड्यावर थापटल्यासारखा.
मग एक बाजूला झाली.
दमून नव्हे. निघताना माणूस पंखा बंद करतो, तशी.
पेसर. दुसऱ्यांना वेग लावून द्यायचा
आणि तिसाव्या किलोमीटरला रस्त्यावरून उतरायचं,
एवढाच करार.

मी स्पंज पिळायची विसरले.
मुलुनेश. मुलुनेश बेझाबिह.

आता कुणाला सांगू, ही कोण ते?
शेजारच्या सावेबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या,
"मेडल मिळालं होतं का?"
नाही. दोनदा चौथी.

स्टीपलचेस. साडेसात फेऱ्या,
अठ्ठावीस अडथळे, वर सात वेळा पाण्याचा खड्डा.
तो अडथळा हर्डलसारखा पडत नाही.
धडकलात तर तुम्ही पडता.
मरीन लाइन्सच्या ग्राउंडवर रेगो सर सांगायचे,
"ते लाकूड तुला ओळखत नाही, बाळ."
विद्यापीठाच्या फायनलला, पाचव्या फेरीत,
मीच त्याची ओळख करून घेतली.
गुडघ्यावर खूण आहे अजून.
खड्ड्यात हल्ली मोडक्या खुर्च्या ठेवतात.

सगळं जग त्या लाकडावरून उडायचं. ही चढायची.
आधी हात, मग गुडघा, मग पलीकडे धप्प,
पेरू चोरून कुंपणावरून पळणाऱ्या पोरीसारखी.
दर अडथळ्याला मागे पडायची
आणि मधल्या सपाटीवर असं काही अंतर कापायची
की आधी समालोचक हसले,
मग गप्प झाले,
मग त्यांचेच आवाज चढायला लागले.
त्या मोसमात अदिस अबाबाच्या बोळांतली पोरं
बाकडी आडवी टाकून 'मुलू मुलू' खेळायची, असं वाचलं होतं.
बँकेच्या कॅलेंडरवर ती, कॉफीच्या दुकानावर ती,
एका घरी म्हणे जुळ्या झाल्या, तर दोघींचं नाव तेच ठेवलं.
आणि इकडे मी, रात्री दीड वाजता,
मोबाइल चादरीत धरून, नवरा जागा होऊ नये म्हणून
उशीत तोंड खुपसून ओरडत होते.
जिंकलेल्या मुलीचं नाव मला आज आठवत नाही.

मग घोटा. मग दुसरा घोटा.
मग रस्त्यावरच्या शर्यती, मग हे असं भाड्याने पळणं.
बातम्यांत शोधायचे, सापडेना.
मीही हळूहळू शोधायचं सोडलं, खोटं कशाला बोलू.

तिने स्पंज घेऊन मानेवर दाबला.
मी म्हणाले, "मुलुनेश बेझाबिह."
बापाच्या नावासकट.
ती दचकली. स्वतःच्या छातीवर बघितलं.
तिथे नाव नव्हतं, नुसतं 'पेस'.
तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी मिळून
एक अख्खं वाक्य होईना.
म्हणून मी टेबलावर हात टेकवला, गुडघा वर घेतला,
या वयात, पंजाबी ड्रेसवर आयोजकांचा टी-शर्ट घालून.
सावेबाईंनी बाटल्या धरल्या.

ती हसली. पोट धरून.
मग हसता हसता मान हलवली,
माझं मनगट पकडलं
आणि हात दोन बोटं पुढे सरकवला.
असा. इथे.
म्हणजे त्या वेड्यावाकड्या चढण्यातही
हाताची जागा ठरलेली होती.
आणि मी इतकी वर्षं समजत होते, तिला जमत नाही.

तिची गाडी पलीकडे उभी होती.
मध्ये पोलिसांचं पिवळं बॅरिकेड, सिमेंटच्या जाहिरातीचं.
हवालदार ओरडला, "ओ मॅडम, तिकडून, वळसा घाला!"
तिला मराठी कुठून कळणार.

हात. गुडघा. धप्प.

बॅरिकेड डगमगलं, उभं राहिलं.
हवालदाराने शिट्टी ओठांत धरली होती,
तशीच राहिली.
"कोण होती हो?" त्याने मला विचारलं.
पण पुढच्या दोघी दिसायला लागल्या होत्या,
आणि बादलीतला एकही स्पंज पिळलेला नव्हता.